लॉन देखभालीचे वार्षिक करार दारोदार विकायचे आहेत (मांडवा ते रेवदंडा): फाटकाशी काय बघायचं, भाव कसा सांगायचा?

नवा_प्रतिनिधी_अलिबाग

नमस्कार मंडळी. बंगले, होमस्टे आणि छोटी रिसॉर्ट यांच्या लॉनची वर्षभर देखभाल करणाऱ्या कंपनीत विक्री प्रतिनिधीचं काम आहे. कटिंग, कडा कापणे, खत, तण आणि कीड एवढं कंपनी बघते. हद्द मांडवा, आवास, किहीम, थळ, नागाव, रेवदंडा. पुढे दापोलीकडची किनारपट्टीही देणार आहेत. पगार थोडा, वर कमिशन. सुरुवात गणपतीनंतर, म्हणजे सप्टेंबरअखेर.

कंपनीने दिलं आहे ते छापील पत्रक आणि 'प्लॉटच्या चौरस फुटाला इतका' असा एक दर. माहीतगारांना विचारायच्या गोष्टी अशा:

१. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी फिरावं? बरेच मालक मुंबईत असतात, बंगल्यावर केअरटेकर असतो.
२. लॉन मोजायचं कसं? प्लॉटवर दर लावणं बरोबर आहे का?
३. गवत, माती, पाणी यांतलं विक्रेत्याला किती कळायला हवं?
४. करार मध्येच तुटतात ते मुख्यतः कशामुळे?

फाटक_ते_अंगण

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे त्याच्यावर उभे आहेत. प्लॉटवर दर लावू नका. १० गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे १०,८९० चौरस फूट. त्यातून घर आणि पडवी १८००, गाडीची जागा आणि पेव्हर १५००, पोहण्याचा हौद आणि भोवतालची फरशी ९०० वजा करा. उरलेल्यात १२ माड असतील तर त्यांची आळीही वजा होतात. दीड मीटर त्रिज्येचं एक आळं साधारण ७६ चौरस फूट, बारांचे झाले ९१२. हाती राहिलं ५७७८. म्हणजे प्लॉटवर दर सांगितलात तर जवळजवळ दुप्पट सांगितला. मालकाला आकडेमोड माहीत नसली तरी शेजारचा माळी किती घेतो हे पक्कं माहीत असतं. तो तिथेच नमस्कार करून फाटक लावून घेतो.

मोजायला ३० मीटरचा टेप किंवा चाकाचं मोजयंत्र घ्या. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशावर फक्त अंदाज घ्यावा. माडांच्या झावळ्यांखाली गवत आहे की पाला, हे वरून दिसत नाही. लॉन वेडंवाकडं असेल तर त्याचे चौकोन आणि त्रिकोण पाडा, कागदावर कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक तुकड्यावर लांबी-रुंदी लिहा. नकाशाचा फोटो मालकाला पाठवा. दर त्याने नंतर दहा जणांना विचारला तरी मोजलेला कागद तुमचाच असतो.

त्याच फेरीत कडांची लांबीही मोजा, ही बहुतेकजण विसरतात. सलग मैदानावर मोव्हर सरळ चालतो. पण चिऱ्याची पायवाट, दिव्यांचे खांब, माडांची आळी, फुलझाडांचे वाफे यांच्या कडेने ब्रशकटर (फिरत्या दोरीने गवत कापणारं हातातलं मशीन) किंवा कात्री लागते आणि खरा वेळ तिथेच जातो. सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन लॉनमध्ये कडांमुळे कामाचे तास दुप्पट होऊ शकतात.

भाव कसा बनतो ते समजून घ्या, म्हणजे घासाघीस झाली तरी कुठवर उतरायचं ते कळेल. पुढचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, त्या जागी आपल्या कंपनीचे घाला. दोन माणसांची दिवसाची मजुरी १८००, टेम्पो आणि मशीन यांचं इंधन ५००, पाती, दोरी आणि झीज २००. दिवसाचा खर्च २५००. एका दिवसात चार बंगले झाले तर बंगल्यामागे ६२५. त्यावर कंपनीचा बाकी खर्च आणि नफा मिळून ३५ टक्के धरले तर फेरी साधारण ८५० ला पडते. आता हेच चार बंगले चार गावांत विखुरलेले असतील आणि दिवसाला दोनच होत असतील, तर तीच फेरी १७०० च्या घरात जाते. लॉन तेच, मशीन तेच, वाढला तो प्रवास. म्हणून एक गिऱ्हाईक मिळालं की त्याच पाखाडीतले पुढचे दहा बंगले आधी पालथे घाला. आज आवास, उद्या रेवदंडा, परवा थळ असं फिरणारा प्रतिनिधी करार आणतो, पण ते कंपनीला परवडत नाहीत आणि सहा महिन्यांत फेऱ्या चुकायला लागतात.

वेळ: मालक गाठायचे तर शनिवारी सकाळी १० ते १२:३० आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर, ११ च्या आत; त्यानंतर परतीची आवराआवर सुरू होते. दुपारी १ ते ४ कुणाचंही दार वाजवू नका. होमस्टेवाले उलटे. त्यांचा शनिवार-रविवार पाहुण्यांचा, म्हणून त्यांच्याकडे मंगळवार ते गुरुवार सकाळी ११ नंतर, आधीचे पाहुणे गेलेले आणि पुढचे यायचे असताना. गणपतीनंतर सुरुवात करताय ते योग्य आहे. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्यांना अंगण साफ हवं असतं, पण ते एकदाच. वर्षाचा विचार सणानंतर होतो, कारण पावसाने वाढलेलं रान समोर असतं आणि दिवाळीपासून नाताळपर्यंतचे पाहुणे डोक्यात असतात.

फाटकाशी: बेल वाजवा, नसेल तर बाहेरून हाक मारा. कडी स्वतः काढून आत जाऊ नका. कुत्रा मोकळा असतो. ओळखपत्र गळ्यात, दिसेल असं. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ मध्ये ओळखपत्र आणि घरी जाण्याआधी वेळ किंवा संमती घेण्याची अट आहे. ते नियम विक्रेत्यांच्या जाळ्यातून माल खपवणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत, पगारी प्रतिनिधीला जसेच्या तसे लागत नाहीत. पण सवय तीच ठेवा. पहिलं वाक्य लहान असावं: "नमस्कार, मी अमुक कंपनीकडून आलोय, आम्ही लॉनची देखभाल करतो. बाजूच्या दोन बंगल्यांचं मोजमाप चाललंय, तुमचंही मोजून देऊ का? दहा मिनिटं लागतील, पैसे नाहीत." बाजूचं मोजमाप खरंच चालू असेल तरच हे वाक्य बोला. इथे गडग्यापलीकडे विचारून खात्री करायला दोन मिनिटं लागत नाहीत.

जांभा_आणि_पुळण

तिसऱ्या प्रश्नावर. विक्रेत्याला शेतीशास्त्र यायची गरज नाही. पण पाणी, मातीची खोली, सावली आणि गवताची जात या चार गोष्टी फाटकातून आत गेल्यावर पाच मिनिटांत तपासता आल्या पाहिजेत. त्या न बघता 'वर्षभर हिरवंगार' असं बोललात तर तो शब्द एप्रिलमध्ये तुमच्या अंगावर येतो.

पाणी सगळ्यांत आधी. ऑक्टोबरात किनाऱ्यावरची जवळपास प्रत्येक विहीर गोड आणि भरलेली असते, आणि तुम्ही नेमके ऑक्टोबरातच विकायला जाणार. विहीर किंवा बोअर समुद्राजवळ असेल तर उपसा वाढला की मार्चनंतर पाणी मचूळ होत जातं. म्हणून थेट विचारा: "मे महिन्यात हे पाणी चहाला चालतं का?" केअरटेकर खरं उत्तर देतो. खिशात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) ठेवा. सिंचनासाठी ढोबळ पट्टी अशी की ४५० पीपीएमच्या खाली काळजी नाही, ४५० ते २००० मध्ये जपून, २००० च्या वर बहुतेक झाडांना त्रास. ऑक्टोबरातच आकडा हजाराच्या आसपास दिसला तर मेमध्ये काय होईल हे वहीत लिहून ठेवा आणि मालकालाही सांगा.

पाणी किती लागेल तेही आकड्यात सांगा. वरच्या उदाहरणातलं ५७७८ चौरस फूट म्हणजे सुमारे ५३७ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ४ मिलिमीटर पाणी धरलं तर २१५० लिटर. १० हजार लिटरचा टँकर पाच दिवसही पुरत नाही. ज्यांच्याकडे मेमध्ये पिण्याच्या पाण्याचाच टँकर येतो, त्यांना पूर्ण लॉन हिरवं ठेवायचा करार विकणं चूक आहे. पुढच्या दर्शनी भागातलं १५०० चौरस फूट जगवू, बाकीचं एप्रिल-मेमध्ये पिवळं पडू देऊ, जूनमध्ये ते परत फुटेल, असं सांगा. हरळीच्या वर्गातलं गवत वरून सुकलं तरी मुळात आणि गाठींत जिवंत राहतं, त्यामुळे हे आश्वासन पाळता येतं.

माती: एक फूटभर लांबीची लोखंडी सळई घ्या आणि लॉनमध्ये पाच-सहा ठिकाणी टोचा. जांभ्याच्या कातळावर चार इंचांतच सळई टणकन थांबत असेल तर ते लॉन उन्हात करपणारच. खत घालून हे सुटत नाही, माती चढवावी लागते. १००० चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास. हा खर्च देखभालीच्या दरात कधीच बसत नाही. वेगळं काम, वेगळा भाव. पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) उलटं: सळई सरसर जाते, पाणीही तसंच खाली जातं. तिथे तीन दिवसांतून एकदा भरपूर पाणी देण्यापेक्षा रोज किंवा दिवसाआड थोडं द्यावं लागतं, आणि खतसुद्धा थोडं थोडं.

पिवळेपणाची कारणंही दोन्हीकडे वेगळी. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. चुना किंवा डोलोमाइट लागेल की नाही ते माती तपासल्याशिवाय सांगू नका. शिंपल्यांचा चुरा असलेल्या पुळणीत मात्र चुना आधीच जास्त असतो, तिथे लोह मिळत नाही म्हणून कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसतात. त्यावर हिराकसाची (फेरस सल्फेटची) लिटरला ५ ग्रॅमची फवारणी करतात. मात्र ती फरशीवर, चिऱ्यावर किंवा पांढऱ्या भिंतीवर उडाली की गंजाचे डाग पडतात आणि सहज निघत नाहीत. करार आणताना 'फरशी लॉनला लागून आहे' अशी नोंद केलीत तर कामगार आधी पाणी मारून, झाकून फवारतील.

सावली: दिवसाला सहा तास ऊन नसेल तिथे हरळी, सिलेक्शन वन वगैरे जाती विरळ होत जातात. आंबा-फणसाच्या गर्द सावलीत लॉन विकू नका. तिथे खडी, चिऱ्याच्या फरश्या किंवा सावलीत वाढणारी झाडं सुचवा. विरळ माडांखाली रुंद पानांचं सेंट ऑगस्टिन गवत बरं टिकतं, खारंही सोसतं.

जात ओळखली की कापायची उंची ठरते. बारीक पानाची हरळी आणि तिच्या निवडी एक ते दीड इंच. नर्सरीत 'मेक्सिकन' म्हणून मिळणारं दाट गवत दीड ते दोन इंच. सेंट ऑगस्टिन अडीच ते तीन इंच. खाऱ्या पाण्यावर लावलेलं पास्पालम दिसलं तर मालकाला आधीच कुणीतरी चांगला सल्ला दिलाय असं समजा. कुठलंही असो, एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापायचं नाही. जुलैत वीस दिवस न कापलेलं गवत एकदम तळापर्यंत छाटलं की खालचा पांढरा देठ उघडा पडतो, आणि मालकाला वाटतं कंपनीने लॉन जाळलं.

फाटक_ते_अंगण

वरच्या पाण्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. टीडीएस मीटर गिऱ्हाइकासमोर बादलीत बुडवून दाखवा. पत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

नवा_प्रतिनिधी_अलिबाग

खूप उपयोगी, आभारी आहे. दोन गोष्टी अजून. एक, केअरटेकर बहुतेक ठिकाणी फाटकातूनच परत पाठवतात, कारण गवत तेच कापतात. दोन, कंपनीचं पत्रक म्हणतं 'तणमुक्त, कीडमुक्त लॉनची हमी'. लव्हाळ्याबद्दल (जमिनीत गाठी धरणारं चिवट तण) लोक लगेच विचारतील. काय सांगायचं?

दापोली_गुहागर_फिरती

केअरटेकरला डावलून मालकाला फोन करणं ही या धंद्यातली सगळ्यांत महाग चूक. तो तिथे बारा महिने राहतो. पाणी तोच सोडणार, फाटक तोच उघडणार. त्याच्या मनात एकच भीती असते की हे आले की आपलं काम आणि वरचे पैसे गेले. त्यामुळे वाटणी आधी त्याच्यापुढे मांडा: "मामा, पाणी घालणं आणि पालापाचोळा तुमच्याकडेच राहील. मशीन, खत, फवारणी आमच्याकडे. साहेबांना मी हेच लिहून देणार आहे." आणि ते खरंच करारात लिहा, की पाण्याची जबाबदारी बंगल्याची, कंपनीने दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. हे कंपनीच्याही फायद्याचं आहे, कारण रोज पाणी घालायला माणूस पाठवणं कुठल्याच दरात परवडत नाही. त्याच्या हातात खोट्या आशेचे पैसे ठेवू नका. मालकाचा नंबर त्याच्याकडून चोरून घेऊ नका. आपलं कार्ड आणि मोजलेल्या नकाशाचा कागद त्याच्याकडे द्या, शनिवारी परत या.

शिवाय मालक नसताना गेल्यास अंगणात फिरायची परवानगी केअरटेकरकडून मिळाली तरी फोटो काढू नका. बंद बंगल्याचे फोटो काढणारा अनोळखी माणूस म्हणून गावात नाव झालं की त्या वाडीत पुन्हा कुणी दार उघडत नाही. गेटबंद वसाहतींत आधी व्यवस्थापकाची लेखी परवानगी.

तुमच्याकडे दापोलीची पट्टी येईल तेव्हा हिशेब बदलेल. मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले इकडे घर आणि होमस्टे चालवणारं कुटुंब बहुधा तिथेच राहतं. शनिवारची वाट बघायला नको, पण निर्णय एकट्याचा नसतो, घरात सगळे मिळून ठरवतात. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाला काकांकडे बघून उत्तर देऊ नका; पाहुण्यांच्या तक्रारी त्यांच्याच कानावर येतात. लॉन लहान, आगर (नारळ-सुपारीची बाग) मोठं. त्यामुळे वर्षाच्या कराराऐवजी ऑक्टोबर ते मेचा हंगामी करार इथे लवकर जमतो. गवत कुठे टाकायचं हे विचारून ठेवा: कापलेलं गवत माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून बहुतेकांना हवं असतं, म्हणजे वाहून नेण्याचा खर्च वाचतो.

आणि पाहुणे असलेल्या घरी सकाळी नऊच्या आत मशीन नको, शनिवार-रविवार तर अजिबात नको. हे करारात घालतो असं तुम्हीच आधी म्हणा.

जांभा_आणि_पुळण

पत्रकातली ती हमी तोंडाने उच्चारू नका. कंपनीला सांगून ती ओळ काढून घ्या.

लव्हाळ्याच्या गाठींच्या माळा जमिनीत असतात. वरून उपटलं की पात तुटते, गाठ राहते आणि दोन आठवड्यांत नवा कोंब. निवडक तणनाशकाने तो आटोक्यात येतो, पण झोपलेल्या गाठी नंतर फुटतात, त्यामुळे एका हंगामात संपत नाही. गिऱ्हाइकाला असं सांगा: "पहिल्या वर्षी कमी होईल, दुसऱ्या वर्षी तुरळक राहील, बाहेरून लव्हाळ्याची माती आणली तर परत येईल." ही तिसरी गोष्ट महत्त्वाची. बहुतेक लव्हाळा भरावाच्या मातीतून किंवा नर्सरीच्या गवताच्या चटईतून येतो. लाजाळू आणि टाकळा सोपे; टाकळा बी धरायच्या आत, म्हणजे पाऊस संपायच्या आधी कापला की पुढच्या वर्षी निम्मा त्रास कमी.

"ग्लायफोसेट मारून टाका ना," असं कुणीतरी म्हणेलच. ते लव्हाळ्याबरोबर सगळं लॉनही मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या आवारात कीटकनाशक फवारायचं तर कीटकनाशके कायदा, १९६८ खालचा व्यावसायिक परवाना लागतो. आपल्या कंपनीकडे तो आहे का, हे फिरायला लागण्याआधी विचारा. नसेल तर फवारणी विकू नका, कटिंग आणि खतच विका. असेल तर परवान्याची प्रत फाइलमध्ये ठेवा. रिसॉर्टवाले मागतात.

हुमणी (मुळं खाणारी अळी) मात्र तुम्ही सुरुवात करताय त्याच दिवसांत दिसते. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर रात्री झाडांवर येतात, अळ्या जुलैपासून मुळं खातात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी असूनही लॉनवर पिवळे चट्टे पडतात. चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. गालिच्यासारखं सुटून वर आलं तर खाली बघा. एक फूट लांब-रुंद तुकडा तीन इंच खणून पांढऱ्या, वाकड्या अळ्या मोजा. पाच किंवा जास्त निघाल्या तर उपाय करण्यासारखी स्थिती आहे. कावळे आणि रानडुकरं लॉन उकरतात तेही बहुधा याच अळ्यांसाठी. एक-दोन अळ्या सापडल्या म्हणून घाबरवून फवारणी विकू नका. तेवढ्या कुठल्याही निरोगी जमिनीत असतात.

सापाच्या भीतीवर करार विकणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. फुरसं आपल्या कातळावर भरपूर आहे हे खरं. गवत कमी उंचीचं असलं की साप लवकर दिसतो, हेही खरं. पण 'आमचं लॉन म्हणजे साप येणार नाही' हे धादांत खोटं आहे. लहान मुलं अनवाणी खेळतात त्या घरात असं सांगणं धोक्याचं आहे. तुम्ही स्वतः मोजायला शिराल तेव्हा घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, गवतात काठी पुढे आपटत चला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नका, लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो.

हिशेबाची_वही

चौथ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. करार तुटतात ते फेऱ्यांच्या वाटपावरून आणि पैशांच्या हप्त्यांवरून.

कंपन्या सरसकट 'महिन्याला २ फेऱ्या, वर्षाला २४' लिहितात. कोकणात हे चालत नाही. जुलैत गवताला दहा दिवसांनी कापावं लागतं, जानेवारीत महिनाभर कात्री लावली नाही तरी चालतं. त्याच २४ फेऱ्या अशा वाटा: जून ते सप्टेंबर महिन्याला ३, म्हणजे १२. ऑक्टोबर-नोव्हेंबर २ प्रमाणे ४. डिसेंबर ते फेब्रुवारी १ प्रमाणे ३. मार्चमध्ये १, एप्रिल-मे २ प्रमाणे ४. बेरीज २४. मालकाला एक पैसा जास्त नाही, पण ऑगस्टमध्ये तो आला तर लॉन गुडघाभर नसेल. गेटवे ते मांडवा लाँचा पावसाळ्यात बंद असतात आणि रो-रो (गाड्या नेणारी बोट) हवामान पाहून चालते. म्हणजे गवत सर्वांत जोरात वाढतं तेव्हाच मालक सर्वांत कमी येतो. प्रत्येक फेरीनंतर एक फोटो पाठवायचा असं लिहून द्या.

पावसाची अटही लिहा. सलग मुसळधारेत ओलं गवत मोव्हरमध्ये गोळा होऊन चिकटतं, पातं कापण्याऐवजी फाडतं आणि भुसभुशीत जमिनीवर चाकांचे चर पडतात. म्हणून 'पावसामुळे चुकलेली फेरी उघडीप मिळाल्यापासून ५ दिवसांत' असं वाक्य हवं. 'फेरी रद्द' असं वाक्य असेल तर मालक सही करणार नाही, करूही नये.

आता हप्ते. वरचीच फेरी ८५० ची धरली तर वर्षाचे २०,४००, महिन्याला सारखा हप्ता १७००. करार जूनमध्ये सुरू झाला आणि मालकाने सप्टेंबरअखेर बंद केला, तर त्याने दिले ६८०० आणि काम घेतलं १२ फेऱ्यांचं, १०,२०० चं. कंपनीचं ३४०० नुकसान, आणि बऱ्याच ठिकाणी ते तुमच्या कमिशनमधून कापतात. उलट ऑक्टोबरात सुरू करून मेअखेर थांबला तर त्याने १३,६०० दिले आणि फेऱ्या झाल्या १२ च. त्याचे ३४०० कंपनीकडे निघतात. म्हणून एकच कलम दोन्ही बाजूंना लावा: 'करार मध्येच थांबल्यास झालेल्या फेऱ्यांप्रमाणे हिशेब, येणं-देणं १५ दिवसांत.' तुम्ही ऑक्टोबरात विकणार, म्हणजे या कलमाचा फायदा गिऱ्हाइकाला जास्त. तरीही ते घालून घ्या. शेजारच्या चार बंगल्यांत तुमचं नाव त्या ३४०० रुपयांवरच ठरणार आहे.

तुमच्या कमिशनबद्दल कंपनीला लेखी विचारायच्या गोष्टी: कमिशन सहीवर की पहिला हप्ता जमा झाल्यावर? करार किती महिन्यांत तुटला तर परत घेणार? पुढच्या वर्षी नूतनीकरण झालं तर मिळणार का? पेट्रोलचा खर्च वेगळा की त्यातच? नूतनीकरणावर काहीच मिळत नसेल तर कंपनी नकळत तुम्हाला सांगतेय की गिऱ्हाईक टिकलं नाही तरी चालेल. तिथे जपून.

भाव सांगताना जीएसटी धरून की वेगळा, हे पहिल्याच वाक्यात यावं. १८ टक्के शेवटी निघाले की आधीची सगळी बोलणी पाण्यात जातात.

नवा_प्रतिनिधी_अलिबाग

हप्त्यांचं गणित कंपनीपुढे ठेवतो. फेऱ्यांचं वाटप बदलायला ते तयार होतील असं वाटतंय. शेवटचं: घरोघरची नोंद कशी ठेवावी? आणि नुकसानभरपाईचा विषय आपण काढावा की त्यांनी विचारल्यावर?

हिशेबाची_वही

वहीत एका घराला एक पान. वर खूण लिहा, 'विहिरीपासून तिसरं, निळं फाटक' अशी. बऱ्याच बंगल्यांना क्रमांक नसतो आणि नावाची पाटी झाडात गेलेली असते. खाली मोजलेलं क्षेत्र, कडांची लांबी, गवताची जात, सळई किती गेली, टीडीएस आणि तारीख, पाण्याचा स्रोत, सध्या कोण कापतं, निर्णय कोण घेतं, परत कधी यायचं. फोन नंबर फक्त त्यांनी स्वतः दिला तरच. 'नको' म्हणाले तर तेही तारखेसह लिहा आणि त्या हंगामात परत जाऊ नका. बाकीच्या घरी मेमध्ये पुन्हा एकदा टीडीएस घ्यायला जाता येतं, तेव्हा दोन आकडे शेजारी दिसतात.

फाटक_ते_अंगण

नुकसानभरपाई तुम्हीच काढा. ब्रशकटरच्या दोरीने उडालेला खडा काच फोडतो, आणि पुळणीपेक्षा जांभ्याच्या खडीत हे जास्त होतं. मोजतानाच नोंद करा: लॉनपासून १५ मीटरच्या आत मोठ्या काचा, उभी राहणारी गाडी, हौदाची काचेची कठडी, जमिनीलगतचे दिवे, ठिबकच्या उघड्या नळ्या. फवाऱ्यांची तोंडं कुठे आहेत ते केअरटेकरला दाखवायला सांगून तिथे रंगीत काठी रोवायची. पहिल्याच फेरीत तुटतात ती तीच. भरपाई कंपनी किती आणि कशाची देते हे आकड्यात विचारून घ्या आणि तेच सांगा. काचा जवळ असतील तिथे दोरीऐवजी हाताची कात्री लागेल आणि अर्धा तास वाढेल, तो भावात आधीच धरा.